इजिप्तच्या राजशिल्पांत देव कुठे संपतो आणि राजकारण कुठे सुरू होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्सर-अस्वानची सहल करून आलेल्या माणसाच्या फोनमध्ये शेकडो फोटो असतात आणि त्यांतले निम्मे एकसारखेच वाटतात. राजा उभा, समोर देव, दोघांच्या मध्ये कसलीशी वस्तू आणि भोवती अक्षरांची गर्दी. गाईडने सांगितलेलं परतीच्या विमानात बसेपर्यंत निम्मं विसरायला होतं. ही प्रश्नोत्तरं त्या फोटोंसाठी आहेत. जायच्या आधी वाचली तर जास्त बरं.

उठावशिल्प म्हणजे नेमकं काय? इजिप्तमध्ये त्याचे प्रकार कोणते?

मुख्य प्रकार दोन. पहिल्यात आकृतीभोवतालचा दगड तासून खाली घेतात, त्यामुळे आकृती भिंतीच्या वर उठून दिसते. दुसऱ्यात भिंत आहे तशीच राहते आणि आकृतीची कड आत खोदतात. आकृतीला गोलाई असते, पण ती भिंतीच्या पातळीच्या आतच राहते. पहिला प्रकार नाजूक आणि वेळखाऊ असल्याने तो आतल्या मंद उजेडाच्या दालनांत जास्त दिसतो. दुसरा उन्हातल्या बाहेरच्या भिंतींसाठी, कारण खोदलेल्या कडेत सावली साचते आणि लख्ख उन्हातही रेघ ठळक राहते.

तंत्राची ही निवडही राजकीय होऊ शकते. अबिडोसच्या देवळातलं सेती पहिल्याच्या काळचं काम इतकं तलम आहे की कपड्याची चुणी न् चुणी दिसते. त्याचा मुलगा रामसेस दुसरा याने मात्र खोदीव उठावाचा धडाका लावला. काम लवकर उरकतं आणि पुढच्या राजाला ते सहजासहजी तासून काढता येत नाही. रामसेसने स्वतः जुन्या राजांच्या कितीतरी पुतळ्यांवर आणि भिंतींवर आपलं नाव चढवलं होतं, त्यामुळे हा धोका त्याला पक्का ठाऊक असणार. पुढे रामसेस तिसऱ्याने मेदिनेत हाबूला अक्षरं इतकी खोल खोदवली की काहींच्या आत पंजा जाईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आज मातकट दिसणाऱ्या या भिंती मुळात भडक रंगवलेल्या होत्या. एस्नाच्या देवळात २०१८ पासून काजळीचे थर साफ केले गेले, तेव्हा आतले निळे, पिवळे, लाल रंग बाहेर आले. ते फोटो पाहिले की आपल्या मनातलं ‘प्राचीन आणि गंभीर’ इजिप्त जरा हलतं.

या चित्रांना इतिहासाची नोंद समजायचं का?

नाही. म्हणजे काही प्रमाणात हो, पण सुरुवात ‘नाही’पासून केलेली बरी.

अबुसीरला साहुरे राजाच्या देवळात एक दृश्य होतं. साहुरे इ.स.पू. पंचविसाव्या शतकातला. लिबियाचा सरदार हरला आहे आणि त्याची बायको व दोन मुलगे दयेची याचना करताहेत. त्यांची नावंही कोरलेली आहेत. हेच दृश्य सुमारे दोनशे वर्षांनी पेपी दुसऱ्याच्या देवळात येतं, त्याच नावांसकट. मग साहुरेनंतर जवळजवळ अठराशे वर्षांनी, आजच्या सुदानमध्ये कावा इथे, तहार्का राजाच्या देवळातही तेच कुटुंब तीच नावं घेऊन रडत उभं आहे. म्हणजे एकच बाई आणि तिची दोन मुलं अठरा शतकं शरण येत राहिली.

याला कोणी ‘कॉपी-पेस्ट’ म्हणेल, कोणी ‘खोटारडेपणा’. दोन्हींमुळे मुद्दा हातून सुटतो. ही भिंत ‘अमुक साली हे घडलं’ असं सांगतच नाही. ‘राजा आहे तोवर हे घडत राहो’ असं ती म्हणते. आपल्याकडे मंत्र म्हणतात तो बातमी देण्यासाठी नव्हे, काहीतरी घडावं म्हणून. या शिल्पांचं तसंच आहे. कोरलेली गोष्ट खरी होते, टिकते, पुन्हा पुन्हा घडते, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून समोर उभं राहून ‘हे खरंच झालं का?’ विचारण्यापेक्षा ‘ही भिंत काय घडवायला बघते आहे?’ असं विचारलं की बरंच उलगडतं.

याचा पुरावा अगदी अक्षरांतही आहे. पिरॅमिडांच्या आत कोरलेल्या मजकुरांत साप, सिंह अशा प्राण्यांची चित्राक्षरं कधी अर्धवट कापलेली असतात. अक्षरातला साप जिवंत होऊन मेलेल्या राजाला डसू नये म्हणून ही खबरदारी. एदफूच्या देवळात होरस देव आपला वैरी सेत याला भाल्याने मारतो, तेव्हा सेत पाणघोड्याच्या रूपात असतो आणि तो पाणघोडा एखाद्या मांजराएवढा दाखवलेला आहे. मोठा कोरला तर त्याच्यात बळ येईल ना!

राजा शत्रूचे केस धरून गदा उगारतो, ते दृश्य सगळीकडे का?

कारण इजिप्तच्या राजेपणाचं बोधचिन्ह म्हणावं तर तेच. हिएराकॉन्पोलिसला सापडलेल्या एका रंगवलेल्या थडग्यात, इ.स.पू. ३५०० च्या आसपास, त्याचं अगदी साधं रूप दिसतं. तिथेच १८९७-९८ च्या उत्खननात नार्मेर राजाची प्रसिद्ध पाटी मिळाली. जेमतेम ६४ सेंटिमीटर उंचीची ही दगडी पाटी साधारण इ.स.पू. ३१०० ची, आणि पुढची तीन हजार वर्षं चालणारं व्याकरण तिच्यावर जवळजवळ पूर्ण तयार आहे. एका बाजूला राजाच्या डोक्यावर दक्षिणेचा पांढरा मुकुट, दुसऱ्या बाजूला उत्तरेचा लाल. मागे त्याच्या चपला हातात धरून उभा असलेला सेवक, कारण राजा पवित्र जागी अनवाणी आहे. ससाण्याच्या रूपातला होरस पपायरसच्या झुडपाला नाकात दोरी घालून धरतो. खाली एक बैल तटबंदीला शिंग मारून गाव फोडतो, आणि तो बैलही राजाच.

त्या काळात प्रत्यक्षात असा वध होत असेलही. पण नंतर हे चित्र प्रसंगातून पूर्ण सुटलं. कर्नाकला थुतमोस तिसरा एका हातात शत्रूंचा अख्खा जुडगाच केसांनी धरून उभा आहे, आणि खाली ओळीने गावांची नावं. प्रत्येक नाव तटबंदीच्या लंबगोलात आणि त्या लंबगोलाला माणसाचं धड, दंड मागे बांधलेले. नकाशाच कैदी झालेला! ‘नवं राज्य’ म्हणतात त्या काळात (साधारण इ.स.पू. १५५० ते १०७०) युद्ध रथांवरून, धनुष्यांनी आणि कांशाच्या वाकड्या तलवारींनी चालत होतं, तरी भिंतीवर राजाच्या हातात बहुतेक वेळा जुनी दगडी गदाच. शस्त्र जितकं जुनं तितका हक्क जुना.

समोर उभा असलेला देव बहुतेकदा राजाकडे तलवार पुढे करतो. याचा अर्थ सरळ आहे: मारण्याची परवानगी वरून आलेली आहे.

राजा एवढा मोठा आणि बाकीचे एवढे लहान का?

जेवढं महत्त्व तेवढी उंची. म्हणून अबू सिम्बेलच्या लहान देवळाच्या दर्शनी भागावर नेफर्तारी राणीचे पुतळे रामसेसच्या बरोबरीच्या उंचीचे आहेत, याची इतकी चर्चा होते. मोठ्या देवळासमोर तीच राणी त्याच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

माणसं अशी विचित्र वळलेली का? त्यांना सरळ चित्र काढता येत नव्हतं का?

येत होतं. फोडलेल्या दगडांच्या चपट्या तुकड्यांवर कारागिरांनी गंमत म्हणून काढलेली रेखाटनं पाहिली तर हात किती मोकळा होता ते कळतं. पण राजाचं अधिकृत चित्र म्हणजे एका क्षणी एका जागेवरून दिसलेलं दृश्य नव्हे. शरीराचा प्रत्येक भाग जिथून सर्वांत ओळखू येतो तिथून घ्यायचा: चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय बाजूने. अपुरं चित्र म्हणजे अपुरा माणूस, आणि अपुरा माणूस अनंतकाळ कसा जगणार?

भिंतीवर आधी लाल रेघांनी चौकटी आखत. उभ्या माणसासाठी टाचेपासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ घरं, बऱ्याच उशिरा, सव्विसाव्या घराण्याच्या सुमारास (इ.स.पू. सातवं-सहावं शतक), डोळ्याच्या वरच्या पापणीपर्यंत २१. अर्धवट राहिलेल्या थडग्यांत या चौकटी अजून दिसतात. दृश्यं आडव्या पट्ट्यांत रचलेली असतात आणि प्रत्येक पट्ट्याला आपली जमीन असते. गावच्या वेशीवरचा वीरगळ पाहिलेल्या माणसाला पट्टे वाचणं जड जाऊ नये, फक्त वीरगळासारखं इथे खालून वर स्वर्गात जायचं नसतं.

वाचायची दिशा अक्षरं सांगतात. पक्षी, माणसं, प्राणी ज्या बाजूला तोंड करून बसलेत तिकडून वाचायला सुरुवात करायची. देवळात साधारणपणे देवांची तोंडं गाभाऱ्याकडून बाहेर आणि राजाचं तोंड आत, म्हणजे यजमान कोण आणि पाहुणा कोण हे चेहऱ्याच्या दिशेवरूनच कळतं.

मुकुट, नाग, गिधाड, काठी, चाबूक… हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?

सगळं ठेवूच नका. एक गोष्ट पकडा: इजिप्त म्हणजे दोन देश आहेत आणि ते राजामुळे एक झाले आहेत. बरीचशी चिन्हं याच वाक्याची रूपं आहेत. पांढरा उंच मुकुट दक्षिणेचा, लाल मुकुट उत्तरेचा, दोन्ही एकात एक घातले की संयुक्त मुकुट. (नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते म्हणून दक्षिणेला ‘वरचा’ इजिप्त म्हणतात. नकाशा पाहताना इथे दरवेळी घोळ होतो.) गिधाड म्हणजे दक्षिणेची देवी नेखबेत, कपाळावर फणा काढलेला नाग म्हणजे उत्तरेची वाजेत. तहार्काच्या घराण्यातले, म्हणजे नुबियातून आलेले राजे कपाळावर दोन नाग लावत, म्हणून त्यांचे चेहरे लगेच ओळखता येतात.

निळा मुकुट अठराव्या घराण्यापासून, म्हणजे इ.स.पू. सोळाव्या शतकापासून, दिसतो. त्याला ‘युद्धाचा मुकुट’ म्हणायची सवय आहे, पण तो घालून राजे पूजाही करताना दिसतात. हातातली आकडी म्हणजे मेंढपाळाची काठी, कळप सांभाळणाऱ्याची. दुसऱ्या हातात तीन पदरांचा चाबूक किंवा झोडपणं. राजाचं नाव ज्या लंबगोलात असतं त्याला कार्तूश म्हणतात. मुळात ती गाठ मारलेली दोरी आहे. सूर्य फिरतो तेवढं सगळं राजाच्या नावाच्या आत, असा तिचा अर्थ.

सिंहासनाच्या बाजूला दोघे जण दोरीसारखं काहीतरी आवळताना दिसतात, ते काय?

तीच एकीकरणाची गोष्ट, पण जरा थांबून पाहण्यासारखी. मधला खांब खरं तर खांब नाही. तळाला फुफ्फुसं आणि वर श्वासनलिका, असं ते ‘जोडणे’ या शब्दाचं चित्राक्षर आहे. त्याच्याभोवती उत्तरेचा पपायरस आणि दक्षिणेची कमळासारखी वनस्पती गाठ मारून बांधतात. बांधणारे कधी होरस आणि सेत असतात, म्हणजे एकमेकांचे हाडवैरी, तर कधी पोट सुटलेले, पुरुषाचं शरीर पण लोंबणारे स्तन असलेले पुराचे देव.

अबू सिम्बेलच्या दाराशी बसलेल्या रामसेसच्या आसनांवर ही गाठ आहे आणि तिच्या खालीच बांधलेल्या कैद्यांची रांग: दक्षिण बाजूला आफ्रिकी, उत्तर बाजूला आशियाई. नुबियातून नावेने येणाऱ्यांना तेच आधी दिसावं अशी जागा निवडलेली. माझ्या मते इजिप्तच्या कलेतलं यापेक्षा थंड डोक्याचं राजकीय विधान शोधून सापडणार नाही. वर ‘आम्ही जोडतो’ आणि त्याच्याच खाली ‘आम्ही बांधतो’, आणि दोन्हीकडे दोरी तीच.

राजा तळहातावर छोटी बसलेली बाई घेऊन देवाला देतो. नैवेद्यात माणूस?

नाही हो! ती मआत देवी. डोक्यावर शहामृगाचं पीस, गुडघे उभे करून बसलेली. मआत म्हणजे सत्य, न्याय, आणि जग ज्या शिस्तीने चालतं ती शिस्त. आपल्याकडच्या वेदांतल्या ‘ऋत’ या कल्पनेची आठवण होते, अर्थात हे साम्य आहे, नातं नाही. तिच्या विरुद्ध ‘इसफेत’: अंदाधुंदी, अन्याय, दुष्काळ, बंड, परकीय स्वारी हे सगळं त्यात आलं. राजाचं काम एका ओळीत सांगायचं तर मआत आत आणायची आणि इसफेत बाहेर हाकलायची.

इथे धर्म आणि राजकारण वेगळे करायला गेलं की हातात काहीच उरत नाही. कर नीट वसूल करणं, कालव्याची डागडुजी, सीमेवरची लढाई आणि सकाळची पूजा ही त्यांच्या लेखी एकाच कामाची चार अंगं. म्हणून देवळातली दृश्यंही त्याच क्रमाने लावलेली: बाहेरच्या भिंतींवर युद्ध आणि शिकार, आत नैवेद्य आणि धूप, गाभाऱ्याशी फक्त शांतता. रानबैल मारणं, जाळ्यात पाखरं धरणं आणि परदेशी सैन्य कापणं हेही एकाच अर्थाचं.

आणखी एक गंमत. भिंतीवर पूजा करणारा जवळजवळ नेहमी राजाच असतो. प्रत्यक्षात देशभरच्या देवळांत रोजची पूजा पुरोहित करत, राजाच्या नावाने. राजा एका वेळी सगळीकडे कसा असणार? म्हणून त्याचं चित्र तिथे कायमचं हजर.

देव राजाच्या नाकाला चावीसारखं काय लावतात?

अंख. जीवनाचं चिन्ह. श्वास नाकातून जातो, म्हणून नाकाला. हेच पुढे अखेनातेनच्या प्रश्नात लागेल.

मेदिनेत हाबूला खरंच कापलेल्या हातांचे ढीग आहेत का?

आहेत, आणि हातांच्या जोडीला दुसऱ्या एका अवयवाचेही ढीग आहेत. मारलेल्या शत्रूचा एक हात किंवा लिंग कापून आणायचं, कारकून ते मोजून लिहून घेणार, असा हा हिशेब. रामसेस तिसऱ्याच्या या देवळात कारकून ढिगाशेजारी उभे राहून लिहिताना दाखवले आहेत. युद्धाचं दृश्य आणि कचेरीचं दृश्य एकाच पट्ट्यात!

उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर सागरी टोळ्यांबरोबरची नाविक लढाई आहे, राजाच्या आठव्या वर्षातली, साधारण इ.स.पू. ११७५. पिसांसारखे उभे शिरोभूषण घातलेले लोक, उलटलेल्या होड्या, पाण्यात गुंतलेली प्रेतं. शत्रूच्या बाजूला नुसता गोंधळ आहे, आकृती एकमेकींत अडकलेल्या, आणि राजाच्या बाजूला सरळ स्वच्छ रेषा. मआत आणि इसफेत शब्दांवाचून समजावायचं असेल तर ही एक भिंत पुरे.

कादेशची लढाई नक्की कोणी जिंकली?

रामसेस दुसऱ्याच्या भिंती विचाराल तर त्याने, एकट्याने. कादेश आजच्या सीरियात. साल साधारण इ.स.पू. १२७४, राजाचं पाचवं वर्ष. समोर हित्तींचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बलाढ्य राज्याचा, राजा मुवतल्ली दुसरा. इजिप्तचं सैन्य आमुन, रे, प्ताह आणि सेत या देवांच्या नावाच्या चार तुकड्यांत चाललेलं. दोन भटक्यांनी ‘हित्ती अजून फार लांब आहेत’ अशी थाप मारली आणि राजाने ती खरी मानली. प्रत्यक्षात ते कादेशच्या मागेच दबा धरून होते. पकडलेल्या हेरांना बडवून काढलं तेव्हा हे कळलं, आणि तोवर उशीर झाला होता.

नवल म्हणजे ही नामुष्की त्याने लपवली नाही. हेरांना काठ्यांनी मारण्याचं दृश्य भिंतीवर आहे. असं का, तर पुढच्या चमत्काराला तीच पार्श्वभूमी हवी: सैन्य पळालं, सरदार उपयोगाचे नाहीत, राजा एकटा, सोबतीच्या कवितेनुसार शत्रूच्या २,५०० रथांच्या गराड्यात. तो आमुनला हाक मारतो आणि आमुन येतो. सैन्य नालायक ठरलं की देव आणि राजा यांच्यामध्ये कोणी उरत नाही. हे युद्धवर्णन वाटतं, पण तो राजाच्या दैवी नात्याचा दाखला आहे आणि जाता जाता सरदारांना मारलेली चपराकही.

अबिडोस, कर्नाक, लक्सर, रामेसियम आणि अबू सिम्बेल अशा पाच देवळांत हे दृश्य आहे. रामेसियमला हलाबच्या (आजच्या अलेप्पोच्या) राजाला त्याचेच लोक नदीतून काढून, पाणी ओकायला लावण्यासाठी पायांनी उलटं धरतात. शत्रूची अशी फजिती कोरताना कारागिराने मजा घेतलेली दिसते.

प्रत्यक्षात निकाल बरोबरीचा म्हणावा लागेल, आणि कादेश हित्तींकडेच राहिलं. पुढे राजाच्या एकविसाव्या वर्षी, साधारण इ.स.पू. १२५९ मध्ये, हत्तुसिली तिसऱ्याबरोबर तह झाला. त्याचा इजिप्शियन मजकूर कर्नाकच्या भिंतीवर आहे. त्यात तह मागायला हित्ती आले असं लिहिलंय, आणि हित्तींच्या प्रतीत अर्थातच उलट. ती प्रत हत्तुसाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोगाझकोयच्या दप्तरात मिळाली. मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं असलेला मितन्नींचा तह ज्या दप्तरात सापडला तेच हे. तहाची एक प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात लावलेली आहे.

हत्शेप्सुत बाई होती, मग दाढी कशी?

दाढी पदाची होती, चेहऱ्याची नव्हे. हत्शेप्सुत (साधारण इ.स.पू. १४७९ ते १४५८) आधी लहानग्या सावत्र मुलाच्या, थुतमोस तिसऱ्याच्या, नावाने कारभार पाहायची, मग स्वतःच राजा झाली. राजासाठीचं चित्र ठरलेलं होतं: आखूड वस्त्र, खोटी दाढी, उघडी छाती. तिने ते चित्र अंगावर चढवलं. अक्षरांत मात्र ठिकठिकाणी स्त्रीलिंगी रूपं राहिली आहेत, त्यामुळे तिने कोणाला फसवलं असं म्हणता येत नाही.

तिचं खरं राजकारण देर अल-बहारीच्या मधल्या मजल्यावर पाहावं. एका बाजूला जन्मकथा आहे. आमुन तिच्या बापाचं, थुतमोस पहिल्याचं, रूप घेऊन राणी अहमोसकडे येतो. दोघं बसलेली, बोटं जेमतेम टेकलेली, खाली दोन देवी त्यांना अलगद उचलून धरतात. यापेक्षा जास्त काही दाखवलेलं नाही, आणि दाखवायची गरजही नाही. मग ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर बाळ घडवतो आणि बेडकाच्या तोंडाची हेकेत त्याला अंख देते. घडवलेलं बाळ मुलगी आहे, पण चाकावर दिसतो मुलगा. राज्य कोणाच्या पोटी जन्मल्याने मिळतं, या प्रश्नाचं तिने दिलेलं उत्तर म्हणजे ही भिंत. लक्सरच्या देवळात आमेनहोतेप तिसऱ्यानेही हाच प्रसंग स्वतःसाठी कोरवला, आणि तो तर पुरुष होता.

दुसऱ्या बाजूला पुन्त देशाची मोहीम: पाच गलबतं, खांबांवर उभी गोल झोपडी, तांबड्या समुद्रातले ओळखू येणारे मासे, मुळांसकट टोपल्यांत घातलेली धुपाची झाडं, आणि पुन्तची स्थूल राणी आती. लढाईऐवजी व्यापार. तिला हवं होतं ते वैभव तिने आमुनच्या नावाने आणलं.

तिच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी थुतमोस तिसऱ्याने तिची नावं आणि चित्रं काढायला लावली. सावत्र आईवरचा राग वीस वर्षं थांबत नसतो. आपल्या मुलाचा वारसाहक्क निर्वेध करणं हे कारण बहुतेक अभ्यासकांना जास्त पटतं.

अखेनातेनची चित्रं इतकी वेगळी का दिसतात?

इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या या राजाने देव बदलला, म्हणून चित्राचं व्याकरणही बदलावं लागलं. त्याचा आतेन म्हणजे सूर्याची तबकडी. तिला तोंड नाही, हात-पाय नाहीत. मग ती अंख द्यायची कशी? उत्तर भन्नाट आहे: किरणांनाच शेवटी तळहात. आता हे हात नीट पाहा. ते अंख धरतात फक्त राजा आणि राणी यांच्या नाकाशी. बाकीच्या माणसांवर किरण पडतात, पण जीवन त्यांना थेट मिळत नाही. ज्याला ‘एकेश्वरवादी क्रांती’ म्हणून गौरवलं जातं तिचा हा भाग सहसा सांगितला जात नाही. मधले पुरोहित काढून टाकले आणि त्या जागी राजघराणंच बसलं.

म्हणूनच राजा मुलींचे मुके घेताना, मांडीवर खेळवताना दिसतो. अशी शिल्पं श्रीमंतांच्या घरातल्या देव्हाऱ्यांत ठेवलेली असत. लोक ती कौटुंबिक माया म्हणून पाहतात आणि ती माया आहेच, पण ते पूजेचं चित्रही आहे. आणि त्याची राणी नेफर्तीती? बोस्टनच्या संग्रहालयातल्या एका दगडावर ती नावेत उभी राहून शत्रू स्त्रीचे केस धरून शस्त्र उगारते आहे. नार्मेरची मुद्रा, राणीच्या अंगावर.

त्याच्यानंतर सगळं पुन्हा फिरलं. त्याची देवळं लहान दगडांची होती, साधारण ५२ सेंटिमीटर लांबीच्या. ते दगड होरेमहेबसारख्यांनी काढून कर्नाकच्या प्रवेशबुरुजांत भराव म्हणून घातले. पुसून टाकण्यासाठी केलेल्या त्या भरावानेच ते हजारोंच्या संख्येने रंगासकट जपले.

चेहरे, नाकं, नावं फोडलेली दिसतात. हे कोणी केलं?

वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी, आणि एकाच भिंतीवर तिघांची करणी असू शकते. देर अल-बहारीला आधी हत्शेप्सुतची चित्रं गेली. मग अखेनातेनच्या माणसांनी आमुनचं नाव आणि रूप खरवडलं. त्याने तर स्वतःच्या बापाच्या, आमेनहोतेपच्या, नावातलं ‘आमेन’ही सोडलं नाही. नंतर आमुन पुन्हा कोरला गेला, तो कधीकधी इतका ओबडधोबड की दुरुस्ती लगेच ओळखू येते. पुढे देवळांत चर्च झाली तेव्हा ख्रिस्ती लोकांनी देवांचे चेहरे ठोकून काढले. नाकावर घाव जास्त, कारण नाक गेलं की श्वास गेला. फोडणाराही चित्रात जीव आहे असं मानूनच फोडत होता.

न कोरणं हाही पुसण्याचाच प्रकार. अबिडोसला सेतीच्या देवळातल्या यादीत ७६ राजांची नावं आहेत. लहानगा राजपुत्र रामसेस हातात गुंडाळी घेऊन उभा आहे. हत्शेप्सुत, अखेनातेन, तुतनखामुन, आय यांची नावं त्यात नाहीत. पूर्वजांना नैवेद्य देण्याची यादी आहे ती, म्हणजे ज्याचं नाव नाही तो उपाशी.

सामान्य माणसाला हे सगळं पाहायला तरी मिळत होतं का?

आतलं नाही. सणावाराला अंगणापर्यंत येता येई आणि बाहेरच्या भिंती दिसत. वाचता येणारे थोडेच. पण सामान्य माणूस भिंतीवर आहे. तो टिटवी होऊन बसला आहे. टोपलीच्या चिन्हावर एक टिटवी, तिला पुढे माणसाचे दोन हात फुटलेले, वर उचललेले, आणि जवळ एक तारा. अर्थ: सारी प्रजा पूजा करते. बऱ्याच ठिकाणी तिचे पंख पिळून एकमेकांत अडकवलेले असतात, उडून जाऊ नये म्हणून.

अबिडोसच्या भिंतीवर हेलिकॉप्टर आणि दंडेराला विजेचा दिवा कोरलाय असं म्हणतात, ते काय?

हेलिकॉप्टर म्हणजे सेतीच्या बिरुदावर रामसेसने चढवलेलं स्वतःचं बिरुद. मधलं प्लास्टर गळलं आणि दोन्ही अक्षरं एकमेकांत मिसळली. सेतीचं बिरुद नऊ धनुष्यांना, म्हणजे सगळ्या शत्रूंना, पिटाळणारा असं होतं, रामसेसचं इजिप्तचं रक्षण करणारा. दंडेराचा ‘बल्ब’ म्हणजे कमळातून बाहेर पडणारा साप, सृष्टीच्या आरंभाचं चित्र. यात परग्रहवासी शोधणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की बापाच्या नावावर आपलं नाव चढवणारा मुलगा ही जास्त रंगतदार गोष्ट आहे.

परकीय राजे आले तेव्हा ही चित्रं बंद पडली का?

उलट. परकीयांना त्यांची जास्त गरज होती. खार्गा मरूद्यानातल्या हिबिसच्या देवळात पर्शियाचा दारयवहुश (डेरियस) फॅरो, म्हणजे इजिप्तचा राजा, होऊन देवांपुढे उभा आहे. लक्सरच्या आतल्या दालनात अलेक्झांडर आमुनला नैवेद्य देतो. दंडेराच्या मागच्या भिंतीवर क्लिओपात्रा सातवी आणि तिचा मुलगा सिझेरियन: मुलगा पुढे, ती मागे. एस्नाला ट्राजानसारखा रोमन सम्राट शत्रूंचे केस धरून गदा उगारतो, म्हणजे नार्मेरनंतर तीन हजारांहून जास्त वर्षांनी. सम्राटाने ते चित्र कधी पाहिलंही नसेल. पुरोहितांना मात्र फॅरो हवाच होता, नाहीतर मआत कोण अर्पण करणार? तेव्हा रोममध्ये जो कोणी असेल त्याचं नाव कार्तूशात घालत राहिले. एस्नाला हे डेसियसपर्यंत, म्हणजे इ.स. २५० च्या आसपासपर्यंत चाललं.

चित्राक्षरांतला शेवटचा ज्ञात लेख फिलेच्या देवळात, हेड्रियनच्या दरवाज्यावर आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. आयसिसच्या एका पुरोहिताने तो मंदुलिस देवाच्या चित्राशेजारी कोरला. सोबतच्या डेमॉटिक या धावत्या लिपीतल्या ओळींत साल दिलं आहे ११०, मोजलेलं डायोक्लेशियन या रोमन सम्राटाच्या राज्यारोहणापासून, कारण मोजायला तेव्हा दुसरा फॅरो उरलेला नव्हता.